मोरोबाची जुन्या वस्तूंची आरास

एका गावात एक भोळा नवरा होता. नवरे सगळ्याच गावांत असतात, त्यांतले पुष्कळ भोळेही असतात. पण हा मुळापासून भोळा. नाव मोरोबा. बायको जे सांगेल ते तो अक्षर न् अक्षर पाळायचा. काल सांगितलेलं आज विसरायचा नाही. एवढंच असतं तर बरं होतं. पण कालचं सांगणं तो आजच्या कामाला लावायचा, आणि आजचं उद्याच्या.

बायकोचं नाव द्वारका. गरीब स्वभावाची, देवभोळी. सकाळी तुळशीला पाणी, तिन्हीसांजेला देवापाशी दिवा, आणि शुक्रवारी एकवेळ जेवण. असे शुक्रवार तिने नऊ वर्षं धरले होते. मागणं फार मोठं नव्हतं. देवळातली गौर एकदा आपल्या घरी यावी आणि तिने आपल्या हातचं पन्हं प्यावं, एवढंच.

त्या गावात तशी रीतच होती. देवळातली वीतभर उंचीची पितळेची अन्नपूर्णा चैत्रात महिनाभर कुणा एकीच्या घरी माहेरपणाला जायची. तिला म्हणायचे मानाची गौर. तिच्यापुढे आरास मांडायची, बायकांना हळदीकुंकवाला बोलवायचं, कैरीची डाळ आणि पन्हं द्यायचं. गौर कुणाकडे पाठवायची ते महिला मंडळ ठरवी. आणि महिला मंडळाने काय ठरवायचं ते नलिनीबाई सरदेशमुख ठरवीत.

नलिनीबाईंना दरवर्षी काहीतरी नवं सुचे. तीन वर्षांपूर्वी त्यांनी मंडळात सांगितलं, "बायांनो, घरातलं जुनं काढून टाका. जुन्याची अडगळ होते, मनही अडगळीचं होतं." गावाने ऐकलं. घरोघरची घंगाळी, पराती, तांबे बाजारात गेले आणि प्लॅस्टिकच्या लाल-निळ्या बादल्या घरी आल्या. द्वारकेनेही सासूबाईंची समई देऊन तीन डबे आणले. मग दोन वर्षं थर्माकोलची मखरं झाली. यंदा नलिनीबाई पुण्याला लेकीकडे राहून आल्या आणि मंडळात म्हणाल्या, "आता सगळीकडे व्हिंटेज चाललंय!"

"म्हणजे काय हो बाई?" बायकांनी विचारलं.

"म्हणजे जुनं."

"जुनं तर आमच्याकडे माळ्यावर—"

"छे! घरात पडलेलं जुनं नव्हे. विकत आणलेलं जुनं!"

गावाने हेही ऐकलं. मंगळवारी गावाच्या वेशीबाहेर जुना बाजार भरायचा. तिथे रज्जाकभाईच्या पालावर बायकांची ही झुंबड उडाली. एकीला तिथे तिचंच घंगाळ मिळालं, काठावर सासऱ्यांचं नाव कोरलेलं. ती म्हणाली, "अगंबाई, हे तर आमचंच!" रज्जाकभाई म्हणाला, "मग घरचंच समजून घ्या, ताई." तिने घेतलं. चार जणींना अभिमानाने दाखवलं, आणि दाखवताना नाव कोरलेली बाजू भिंतीकडे केली. घरचं आहे असं कळलं असतं तर व्हिंटेज कुठून राहिलं असतं?

होळी झाली, आणि नलिनीबाईंनी देवळात द्वारकेला बाजूला घेतलं.

"द्वारके, यंदा तुझा विचार आहे हं माझ्या मनात. पाडव्याला बघायला येईन. मात्र आरास सगळी जुन्याची हवी. नाहीतर गौर शकूकडे जाईल, तिने मोठी तयारी केलीय."

शकूवहिनी शेजारच्याच घरातली. गौर तिच्याकडे गेली तर महिनाभर भिंतीपलीकडून आरती ऐकायची आणि इकडे पन्ह्याचा तांब्या तसाच ठेवायचा. पंचाईत अशी, की होळीपासून पाडव्यापर्यंत गावाची वेस ओलांडायची नाही, असा तिचा नेम होता. बाजार वेशीबाहेर. जायला एकटा मोरोबा.

"अहो," ती म्हणाली, "बाजारातून एक जुनी समई आणाल का? चांगली जुनी. देवीपुढे ठेवायची आहे."

"आणतो की," मोरोबा म्हणाला.

त्याने समई निवडली मात्र छान. पुरुषभर नाही, पण कमरेएवढी. वर मोर, खाली कासव, आणि शंभर वर्षांची काळपट झाक. रज्जाकभाई म्हणाला, "अशी झाक मिळत नाही आता." मोरोबा समई घेऊन निघाला. वाटेत नदी लागली. देवीपुढची वस्तू अशी काळी कशी न्यायची? त्याने घाटावर बसकण मारली. चिंच लावली. राख लावली. मग वाळू घेतली. दुपार कलली तेव्हा समई सोन्यासारखी झळकत होती. मोराचे डोळे गेले होते, पिसं गेली होती, आणि कासवाचा पेढा झाला होता.

द्वारकेने समई पाहिली. तेवढ्यात शकूवहिनी डोकावल्या आणि म्हणाल्या, "अय्या, नवी घेतलीस? कालच्या कारखान्यातली दिसतेय!"

द्वारकेने कपाळाला हात लावला. "अहो, जुन्याला घासायचं असतं का? जुनी वस्तू आहे तशी आणायची! पुसायची नाही, झटकायची नाही. बोटसुद्धा लावायचं नाही!"

"बरं," मोरोबा म्हणाला. "आता लक्षात राहील."

आणि राहिलं. हीच तर मोरोबाची अडचण होती, त्याच्या सगळं लक्षात राहायचं.

द्वारकेने देवाकडे पाहिलं. त्या समईत वात लावून बघितली. उजेड काही जुना पडला नाही. "असू दे," ती म्हणाली. "देवीला चालेल. बाईंना दिसू नये म्हणून मागच्या रांगेत ठेवू."

पुढच्या मंगळवारी तिने त्याला पेटाऱ्याला पाठवलं. वेताचा, पितळी कडीचा जुना पेटारा. त्यावर गौरीचा चौरंग मांडायचा होता. रज्जाकभाईकडे तसाच पेटारा होता, पालामागे, झाकण उघडं. आत एक कोंबडी बसली होती.

"दोन मिनिटं थांबा मोरोबा, कोंबडी उचलतो," रज्जाकभाई म्हणाला. "अंडी उबवतेय."

"हां हां! बोट लावायचं नाही!"

"अहो, पण कोंबडी आहे."

"आहे तसा न्यायचा आहे. घरून तशी ताकीद आहे."

रज्जाकभाईने आपल्या जन्मात पुष्कळ गिऱ्हाइकं पाहिली होती. तो म्हणाला, "मग कोंबडीही जुनीच आहे. घेऊन जा."

मोरोबाने पेटारा डोक्यावर घेतला. कोंबडी वरून मान काढून इकडेतिकडे बघत होती, पालखीतून निघाल्यासारखी. गावातले लोक बाजूला होत होते. घरात शिरून मोरोबाने पेटारा नेमका देवघरासमोर उतरवला. द्वारका शुक्रवारच्या उद्यापनासाठी सोवळ्यातली भांडी पुसत होती. कोंबडीने तिच्याकडे पाहिलं आणि म्हटलं, "कॉक्."

"अगं बाई गं! हे काय आणलंत?"

"पेटारा. आहे तसा. झटकला नाही, पुसला नाही. अकरा अंडी आहेत, तीही मोजली फक्त, हात लावला नाही."

घर धुवावं लागलं. गोमूत्र शिंपडावं लागलं. कोंबडी अंड्यांसकट टोपलीतून रज्जाकभाईकडे परत गेली, आणि ती टोपलीही मोरोबाच घेऊन गेला. सगळं आवरल्यावर द्वारका म्हणाली, "अहो, जुनी वस्तू घेताना आत काय आहे ते नको का बघायला? आधी उपडी करायची. बुडावर चार थापट्या मारायच्या. आत काही राहिलं नाही अशी खात्री झाली की मग आणायची."

"उपडी. चार थापट्या," मोरोबा म्हणाला. "आता लक्षात राहील."

राहिलं.

पलीकडच्या वाडीला द्वारकेची गोदूमावशी राहायची. तिच्याकडे चिनी मातीची एक जुनी बरणी होती, पिवळ्या गळ्याची, पांढऱ्या पोटाची. मावशीने निरोप धाडला होता: बरणी गौरीच्या आराशीला घेऊन जा, आणि आत तीन वर्षांचा मुरांबा आहे, तो नैवेद्याला ठेव. तीन वर्षांचा मुरांबा म्हणजे काय, ते करणारीलाच ठाऊक. पहिल्या वर्षी तो गोड असतो, दुसऱ्या वर्षी शहाणा होतो, आणि तिसऱ्या वर्षी औषध होतो.

मोरोबा गेला. मावशीने चहा दिला, बरणी दिली, म्हणाली, "जड आहे हो जावईबापू, सांभाळून."

मोरोबाने बरणी अंगणात नेली. तुळशीपाशी नीट उपडी केली.

"अरे अरे अरे!" मावशी दारातून ओरडली. "जावईबापू! मुरांबा!"

"हो मावशी, तोच काढतोय," मोरोबा म्हणाला, आणि त्याने बुडावर चार थापट्या मारल्या. एक. दोन. तीन. चार. तिसऱ्या थापटीला मुरांबा निघाला. सावकाश निघाला, कारण चांगला मुरला होता. मोरोबाने बरणीत डोकावून खात्री केली. "काही राहिलं नाही," तो म्हणाला. "येतो मावशी."

मावशीने पायरीवर बसून पदर तोंडाला लावला. अंगणातल्या मुंग्यांची मात्र त्या दिवशी दिवाळी झाली.

रिकामी बरणी बघून द्वारकेने विचारलं, "मुरांबा?"

"काढला."

"कुठे काढला?"

"तुळशीपाशी. चांगल्या ठिकाणीच काढला."

द्वारकेला रडू यावं की हसू, ते तिचं तिला कळेना. पाडवा तीन दिवसांवर आला होता. आराशीत आतापर्यंत काय होतं? एक नव्यासारखी समई, एक कोंबडीचा वास येणारा पेटारा आणि एक रिकामी बरणी. तरी तिने आवाज चढवला नाही. देवीसाठी चाललेल्या कामात चिडचिड कशाला, असं तिचं म्हणणं. "अहो," ती समजावत म्हणाली, "भरलेली वस्तू उपडी करत नाहीत. वरून फडकं घालायचं, गच्च बांधायचं, दोन गाठी मारायच्या. आणि पोटाशी धरून आणायची, हलू द्यायची नाही. जुन्याला असं जपावं लागतं."

"फडकं, दोन गाठी," मोरोबा म्हणाला. "जपायचं. राहील लक्षात."

मावशीकडे मात्र द्वारकेने वाटीभर साखर आणि हात जोडून निरोप पाठवला. मावशीचा उलटा निरोप आला: मुरांब्याचं काही नाही, पण पुन्हा जावयाला पाठवू नकोस.

पाडव्याच्या आदल्या दिवशी मोरोबा शेवटच्या खेपेला गेला. रज्जाकभाईने पाहूनच ठेवलं होतं: भिंतीवरचं लंबकाचं घड्याळ, नक्षीच्या चौकटीचा आरसा आणि रंगीत काचांची एक हंडी. मोरोबाने सगळं पोटाशी धरून आणलं, एकही ओरखडा नाही. द्वारका उद्याच्या पुरणात गुंतली होती. तिने आतूनच विचारलं, "नीट आणलंत ना?"

"जपून!"

"मग लावून ठेवा भिंतीवर."

मोरोबाने लावून ठेवलं.

पाडव्याच्या सकाळी गुढी उभारून झाली आणि नलिनीबाई आल्या. द्वारकेने त्यांना मोठ्या उमेदीने आतल्या खोलीत नेलं. खोलीत सहा गाठोडी होती. भिंतीवर तीन टांगलेली, तीन खाली मांडलेली. आरशाला फडकं. हंडीला फडकं. समईला मोरापासून कासवापर्यंत फडकं. पेटाऱ्याला बैलाची झूल. बरणीला द्वारकेचं जुनं लुगडं. सगळ्यांना दोन दोन गाठी. घड्याळाच्या फडक्याची एक गाठ लंबकाला बसली होती, त्यामुळे ते बंद पडलं होतं.

नलिनीबाईंनी एकेका गाठोड्याला बोट लावून पाहिलं. "द्वारके," त्या म्हणाल्या, "हे परटाचं दुकान आहे का गं?"

"अहो, हे काय!" द्वारका पुटपुटली.

"जपलंय," मोरोबा म्हणाला.

"सोडा ती गाठोडी!" नलिनीबाई म्हणाल्या. गाठी सुटायला अर्धा तास लागला, पण एकेक वस्तू बाहेर आली तशी बाईंची मुद्रा निवळत गेली. आरसा खरोखर देखणा होता. हंडीतून उन्हाचे लाल-हिरवे कवडसे भिंतीवर पडले. द्वारकेने मांडणीही मनापासून केली होती. बाई म्हणाल्या, "हं. वस्तू बऱ्या आहेत. पण बघणाऱ्याला कळणार कसं? पुण्याला प्रत्येक वस्तूशेजारी माहिती लिहिलेली असते. मूळ कुणाकडची, वर्षं किती, उपयोग काय. जेवढी वर्षं जास्त, तेवढं मोल जास्त! उद्या चार वाजता पुन्हा येते. आवडलं तर संध्याकाळी देवळात तुझं नाव. नाहीतर शकू आहेच."

बाई गेल्या. द्वारका सुटलेली फडकी गोळा करू लागली. एक दिवस हातात होता. तिने आपल्या नवऱ्याकडे पाहिलं. मोरोबाचं अक्षर मात्र सुरेख, मोत्यासारखं. शाळेत त्याला त्याच एका गोष्टीसाठी कधी शिक्षा झाली नव्हती.

"ऐकलंत ना?" ती म्हणाली. "कागदाच्या चिठ्ठ्या करा. प्रत्येकीवर तीन रकाने: मूळ कुणाचं, वर्षं किती, उपयोग काय. मी कणकेची खळ करून देते, तिने चिकटवा. या खोलीत जे जे जुनं असेल त्याला चिठ्ठी लागली पाहिजे. एकही सुटता कामा नये. आणि रकाना कोरा ठेवायचा नाही. माहीत नसेल तर माहीतगाराला विचारा, पण भरा."

"कोरा ठेवायचा नाही. एकही सोडायचं नाही," मोरोबा म्हणाला. "आता लक्षात राहील."

या खेपेला मात्र त्याने कमाल केली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळ्या चिठ्ठ्या लागल्या होत्या. रज्जाकभाईला तो तीनदा विचारून आला. समईवर लिहिलं होतं: "वर्षे शंभर. उपयोग, उजेड." घड्याळावर: "वर्षे साठ. उपयोग, वेळ, दिवसातून दोनदा बरोबर." आरशावर: "उपयोग, समोर येईल तो दिसतो. दिसणाऱ्याबद्दल आरसा जबाबदार नाही." द्वारकेने सगळ्या चिठ्ठ्या वाचल्या आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिला मोकळा श्वास आला. तिने देवापुढे डोकं टेकलं. "आई, आता फक्त चार वाजू देत आणि पार पडू दे."

चार वाजले. नलिनीबाई आल्या त्या नटून. आजेसासूबाईंची पैठणी, गळ्यात जुनी ठुशी, नाकात जुनी नथ. त्या एकेका वस्तूपुढे थांबल्या, चिठ्ठी वाचली, मान डोलावली. आरशाची चिठ्ठी वाचून जरा थबकल्या, पण पुढे गेल्या. "द्वारके, शाबास! पुण्यालासुद्धा असं बघितलं नाही मी."

द्वारकेचे पाय जमिनीला लागेनात. "बसा ना बाई. पन्हं आणते, केशर घातलंय." ती स्वयंपाकघरात पळाली. एवढीच काय ती चूक तिच्याकडून झाली.

खोलीत नलिनीबाई आणि मोरोबा दोघेच उरले. बाईंनी आरशात पाहिलं, नथ सारखी केली आणि लाडिकपणे सुस्कारा टाकला. "काय हो मोरोबा, या सगळ्यात जुनी मीच म्हणायची की!"

असं म्हटलं की समोरच्याने "छे छे, बाई, काहीतरीच काय!" असं म्हणायचं असतं. सगळ्या गावाला ते ठाऊक होतं. मोरोबाने खिशातून कोरी चिठ्ठी काढली.

"अरेच्चा," तो म्हणाला. "तुम्ही सुटलातच की. बाई, तुम्ही मूळच्या कुणाकडच्या?"

नलिनीबाईंना माहेरचं कुणी विचारलं की फार बरं वाटे. "चिपळूणची मी. पटवर्धनांची. मोठं घर होतं आमचं!"

"आणि वर्षं किती?"

"इश्श! बायकांना असं विचारतात का?" बाई हसल्या. "धरा साठ."

"साठ धरले. आणि उपयोग?"

"अगंबाई, हे काय विचारणं! ते आमच्या अप्पासाहेबांना विचारा." आणि बाई वळून चौरंगावरच्या देवीच्या रिकाम्या जागेला वाकून नमस्कार करू लागल्या.

बाईंची पाठ समोर आली. सपाट, रुंद, चांगली जागा होती. मोरोबाने खळ लावली आणि चिठ्ठी पदरावर अलगद चिकटवली. एकही सुरकुती पडू दिली नाही.

द्वारका पन्हं घेऊन आली. बाईंनी पन्हं घेतलं, वाखाणलं, म्हणाल्या, "देवळात ये सहा वाजता. तुला हवं ते ऐकायला मिळेल!" द्वारकेने भरल्या डोळ्यांनी त्यांचे पाय धरले. वाकलेल्या माणसाला पुढच्याची पाठ दिसत नाही. ती उठेपर्यंत बाई गल्लीच्या वळणाला पोचल्या होत्या.

मोरोबा मात्र बेचैन झाला. एक रकाना अर्धवट होता. कोरा ठेवायचा नाही असं निक्षून सांगितलं होतं. त्याने कानाला पेन्सिल अडकवली आणि माहीतगाराला शोधायला निघाला.

अप्पासाहेब सरदेशमुख देवळाबाहेरच्या पारावर एकटेच बसायचे. फार थोडं बोलायचे. घरात त्यांना तशी संधीही कमी असे.

"अप्पासाहेब," मोरोबाने विचारलं, "नलिनीबाईंचा उपयोग काय?"

अप्पासाहेबांनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा लावला. "कोण विचारतंय?"

"चिठ्ठीत लिहायचंय."

"तो रकाना कोरा ठेव बाबा. मला याच घरात राहायचंय."

"कोरा ठेवायचा नाही असं सांगितलंय."

अप्पासाहेबांनी बराच विचार केला. "मग लिही, चौकशी चालू आहे."

"आणि वर्षं साठ. बरोबर ना?"

आयुष्यात अप्पासाहेबांना एवढं मोठं हसू कधी आलं नव्हतं. ते मोरोबाच्या कानाशी वाकले आणि त्यांनी काहीतरी सांगितलं.

इकडे देवळाच्या सभामंडपात बायका जमल्या होत्या. द्वारका आली, आणि तिला काहीतरी वेगळं जाणवलं. सगळ्या जणी नलिनीबाईंच्या मागे उभ्या होत्या. पुढे जागा मोकळी होती, तरी मागेच दाटी. कुणी पदर तोंडात कोंबला होता, कुणी खांबाला कपाळ टेकलं होतं. शकूवहिनींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. द्वारका पुढे सरकली आणि तिला पैठणीवरचं ते मोत्यासारखं अक्षर दिसलं.

"मूळ घर : पटवर्धन, चिपळूण. हल्ली सरदेशमुखांकडे. वर्षे : साठ. उपयोग : यजमानांना विचारून लिहू."

द्वारकेच्या डोळ्यांपुढून नऊ वर्षांचे शुक्रवार गेले. तिने दोन बोटांनी चिठ्ठीचा कोपरा धरला. निघेना. खळ तिनेच केली होती, आणि ती खळ चांगली करायची.

"काय गं, काय चाचपतेस?" नलिनीबाई वळल्या.

"काही नाही बाई. काठ बघत होते. किती जुना!"

"जुनाच तो!" बाई खूश झाल्या आणि चौथऱ्यावर चढल्या. "मैत्रिणींनो, यंदाची मानाची गौर जाते आहे आपल्या द्वारकेकडे!"

हे सांगताना त्या देवीला हात जोडण्यासाठी पाठमोऱ्या झाल्या. मग कुणालाच आवरलं नाही. सगळा सभामंडप हसला. घंटा हलली. बाईंनी चकित होऊन मागे पाहिलं.

"बघा!" त्या गहिवरून म्हणाल्या. "दरवर्षी मी नाव सांगते तर निम्म्या जणी तोंडं फिरवतात. द्वारकेच्या नावाला पहिल्यांदा एवढा आनंद झाला सगळ्यांना! माझी निवडच तशी आहे."

आणि त्यांनी गौर उचलून द्वारकेच्या पदरात घातली. एकदा पदरात घातलेली गौर अक्षय्य तृतीयेपर्यंत कुणी परत मागायची नाही, ही तिथली रीत. मंडळालाही ती मोडता येत नसे. वीतभर पितळ, पण द्वारकेला ते केवढं तरी उबदार लागलं. तिने दोन्ही हातांनी पदर छातीशी धरला. "आली गं बाई माझी," ती स्वतःशीच म्हणाली. आता बाईंना हळूच बाजूला न्यायचं, ओल्या फडक्याने चिठ्ठी सोडवायची, आणि पुढचं सगळं देवीवर सोडायचं.

तेवढ्यात दारात मोरोबा उभा राहिला. हातात पेन्सिल.

"बाई, जरा पाठ करा इकडे!"

"काय?"

"एक रकाना राहिला होता, एक चुकला होता. अप्पासाहेबांनी दोन्ही सांगितले." मोरोबा चौथऱ्यावर चढला, बाईंच्या मागे गेला आणि लिहू लागला. सवयीप्रमाणे मोठ्याने म्हणत लिहू लागला. "उपयोग... चौकशी... चालू... आहे."

"पाठीवर काय करतोस रे मेल्या?"

"हलू नका, अक्षर बिघडेल. वर्षं... साठ खोडले... बहात्तर."

नलिनीबाईंनी मागे हात नेला. कागद हाताला लागला. त्यांचा चेहरा आधी पांढरा झाला, मग पैठणीच्या काठासारखा लाल झाला. द्वारकेने डोळे मिटले आणि गौर आणखी घट्ट धरली.

मोरोबाला बाईंचं वाईट वाटलं. एवढी चांगली बातमी देऊनही त्या खूश का होत नाहीत ते त्याला कळेना. त्याने सगळ्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यांची समजूत घातली.

"बाई, असं तोंड पाडू नका. जेवढी वर्षं जास्त तेवढं मोल जास्त, असं तुम्हीच म्हणालात ना? एका संध्याकाळी बारा वर्षांनी भाव वधारला तुमचा! हसा की आता!"